लोह कीन यू : छोट्या बेटाचा विश्वविजेता आणि त्यानंतरची वर्षे

बॅकहँड

१९ डिसेंबर २०२१ रोजी स्पेनमधील उएल्वा येथे झालेला जागतिक अजिंक्यपद बॅडमिंटन स्पर्धेचा अंतिम सामना आपल्याकडे किदांबी श्रीकांतचे हुकलेले सुवर्णपदक म्हणूनच लक्षात राहिला आहे. त्यात काही वावगे नाही. पुरुष एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय होता आणि पहिल्या गेममध्ये ९-३ असा पुढे असताना तो सामना आपल्याच बाजूने झुकलेला दिसत होता. तो सामना २१-१५, २२-२० असा जिंकून सिंगापूरचा पहिला बॅडमिंटन विश्वविजेता ठरलेल्या लोह कीन यूबद्दल मात्र मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. त्याची कारकीर्द लहान देशातील खेळाडूच्या वाट्याला काय काय येते हे नेमके दाखवते, म्हणून हा धागा काढत आहे.

कीन यूचा जन्म २६ जून १९९७ रोजी मलेशियातील पेनांग बेटावर झाला. चार भावांतील तो धाकटा. त्याचा एक मोठा भाऊ कीन हीन हाही बॅडमिंटनपटू असून त्यानेही दुहेरीत सिंगापूरचे प्रतिनिधित्व केले. वयाच्या तेराव्या वर्षी कीन यू सिंगापूर स्पोर्ट्स स्कूलमध्ये शिकायला आला, तेथेच वाढला आणि २०१५ साली त्याने सिंगापूरचे नागरिकत्व स्वीकारले. मलेशिया आणि सिंगापूर हे दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाहीत. म्हणजे हा निर्णय घेताना त्याला जन्मभूमीचे नागरिकत्व सोडावे लागले, आणि तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता.

जगाचे लक्ष त्याच्याकडे पहिल्यांदा गेले ते २०१९ च्या जानेवारीत. बँकॉकमधील थायलंड मास्टर्स स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने चीनच्या लिन डानला २१-१९, २१-१८ असे हरवले. लिन डानचा तो उतरता काळ होता हे मान्य, पण दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि पाच जागतिक अजिंक्यपदे नावावर असलेला माणूस समोर उभा असताना, तोवर कोणाच्या खिजगणतीतही नसलेल्या एकविशीच्या मुलाने दोन्ही गेम अटीतटीच्या क्षणी जिंकणे ही साधी बाब नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस फिलिपिन्समधील आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत तो अंतिम फेरीत मलेशियाच्या ली झी जियाकडून हरला. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये गटातील पहिला सामना जिंकूनही इंडोनेशियाच्या जोनातन क्रिस्टीविरुद्ध २०-२२, २१-१३, १८-२१ असा पराभव झाल्याने तो गटातच बाद झाला.

मला त्यानंतरचे पाच महिने सर्वांत महत्त्वाचे वाटतात. डेन्मार्कचा ऑलिंपिक विजेता व्हिक्टर अॅक्सेलसन टोकियोनंतर दुबईत स्थायिक झाला आणि सरावासाठी त्याने काही तरुण खेळाडूंना तेथे बोलावले. त्यांत कीन यू होता आणि आपला लक्ष्य सेनही होता. त्या शिबिरानंतर कीन यूने डच ओपन जिंकली, अंतिम फेरीत लक्ष्यलाच २१-१२, २१-१६ असे हरवून. मग जर्मनीतील हायलो ओपन जिंकली. तेथे अंतिम फेरीत ली झी जियाने तिसऱ्या गेममध्ये सामना सोडला. त्यापाठोपाठ इंडोनेशिया ओपनच्या अंतिम फेरीत तो अॅक्सेलसनकडून तीन गेममध्ये हरला. उएल्वाला तो बिगरमानांकित म्हणून आला तेव्हा जागतिक क्रमवारीत बाविसावा होता, आणि सोडतीत पहिल्याच फेरीत त्याच्यासमोर पुन्हा अॅक्सेलसन आला.

तो सामना ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा. पहिला गेम १४-२१ असा गमावल्यानंतर त्याने पुढचे दोन गेम २१-९, २१-६ असे जिंकले. ज्याच्याबरोबर आपण महिनाभर रोज सराव केला, त्याच ऑलिंपिक विजेत्याला तिसऱ्या गेममध्ये केवळ सहा गुण देणे यामागे नुसता जोश नव्हता. समोरच्याचा हात कुठे वळतो आणि थकल्यावर तो कोणते फटके टाळतो याची बारीक ओळख त्या खेळात दिसत होती. पुढे उपांत्यपूर्व फेरीत प्रणॉय, उपांत्य फेरीत डेन्मार्कचा अँडर्स अँटन्सन आणि शेवटी श्रीकांत. अंतिम सामना तो घोटा दुखावलेला असताना खेळला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की लहान देशातील खेळाडूसमोरची खरी अडचण पैशांची किंवा सुविधांची असतेच असे नाही. सिंगापूर श्रीमंत देश आहे. त्याच्यासमोरची अडचण अशी असते, की रोज सकाळी सरावाला आपल्यापेक्षा सरस किंवा निदान आपल्या तोडीचा माणूस आणायचा कोठून? कीन यूच्या कारकिर्दीतील चढउतार या एका प्रश्नाच्या अंगाने पाहिले तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. जाणकारांनी आपली मते जरूर मांडावीत.

पेठकर

धागा आवडला; विषयही वेगळा आहे. मात्र माझे दोन आक्षेप आहेत आणि ते स्पष्टपणे मांडतो.

पहिला असा, की तेराव्या वर्षापर्यंत पेनांगमध्ये घडलेल्या मुलाला सिंगापूरचा खेळाडू म्हणताना आपण मलेशियाचे श्रेय नाकारत आहोत. पेनांगमध्ये बॅडमिंटनची मोठी परंपरा आहे, मलेशियाचा दिग्गज खेळाडू ली चोंग वेई याचे घरही त्याच राज्यातले. बॅडमिंटनमध्ये दहा ते तेरा या वयात पायांची हालचाल आणि मनगट घडते असे सर्व प्रशिक्षक सांगतात. ते घडवून झाल्यावर श्रीमंत शेजाऱ्याने मूल उचलले, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

दुसरा आक्षेप उएल्वाबद्दल. त्या वर्षी इंडोनेशियाने आपला संपूर्ण संघ मागे घेतला होता, त्यामुळे गिन्टिंग आणि क्रिस्टी दोघेही नव्हते. जपानचा केंटो मोमोटाही दुखापतीमुळे आला नव्हता. अशा स्पर्धेतील विजेतेपदाला आपण कितपत वजन द्यायचे? त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ त्याला एकही स्पर्धा जिंकता आली नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल.

बॅकहँड

पेठकर, दोन्ही आक्षेप रास्त आहेत.

दुसऱ्याबद्दल आधी लिहितो. गैरहजर खेळाडूंची यादी जवळपास प्रत्येक स्पर्धेला करता येते. विजेत्याचे वजन तो कोणाला हरवून आला यावर ठरवावे असे मला वाटते. पहिल्याच फेरीत त्याने त्या वर्षीचा ऑलिंपिक विजेता बाहेर काढला. अॅक्सेलसनने त्याआधीच्या आठवड्यात बाली येथे वर्ल्ड टूर फायनल्स जिंकली होती, म्हणजे तो ऐन भरात होता. थकलेला असेल, हे शक्य आहे. पण कीन यूसुद्धा त्याच दौऱ्यात खेळत होता. उपांत्य फेरीत तिसरा मानांकित अँटन्सन होता आणि त्या सामन्याचा पहिला गेम २३-२१ असा गेला. सोपी सोडत म्हणावी असे त्यात काही दिसत नाही.

विजेतेपदानंतरच्या दुष्काळाबद्दल सविस्तर लिहायचे आहे, ते नंतर लिहितो. श्रेयाच्या प्रश्नावर सिंगापूरला राहणाऱ्या कोणी लिहिले तर अधिक बरे.

वुडलँड्स

मी गेली अनेक वर्षे सिंगापूरच्या उत्तर भागात राहतो. ज्या स्पोर्ट्स स्कूलचा उल्लेख झाला ते आमच्याच भागात आहे, म्हणून लिहितो.

ही शाळा २००४ साली सुरू झाली. सकाळी सराव, मग वर्ग, मग पुन्हा सराव अशी तिची रचना असून मुले तेथेच वसतिगृहात राहतात. मलेशियाची सीमा तेथून अगदी जवळ आहे. जोहोर बाहरूला जोडणारा पूल वुडलँड्सहूनच निघतो. रोज लाखो माणसे तो ओलांडून कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यामुळे पलीकडचा मुलगा शिकायला येथे येणे ही गोष्ट सिंगापूरच्या लोकांना परदेशी खेळाडू विकत आणण्यासारखी वाटत नाही. परदेशी क्रीडापटूंना नागरिकत्व देऊन खेळवण्याची योजना येथे १९९३ पासून होती आणि तिच्यावर येथे बरीच वर्षे कडवट वाद झाले. टेबल टेनिसमध्ये चीनहून आलेल्या खेळाडूंनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सांघिक रौप्यपदक मिळवून दिले, तरीही अनेकांनी त्या पदकाला आपले मानले नाही. कीन यूच्या बाबतीत तसे झाले नाही. तो येथे शाळेत गेला, येथल्या मुलांबरोबर वाढला, येथल्या तरुणांप्रमाणे दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवाही त्याने केली. ही शेवटची गोष्ट बाहेरच्यांना लहान वाटेल, पण येथे आपला कोण हे ठरवताना लोक हाच प्रश्न सर्वांत आधी विचारतात. खेळाडूच्या ऐन उमेदीची दोन वर्षे त्यात जातात, म्हणून त्या वर्षांना मोल आहे.

पेठकर यांचा मुद्दा तरीही उरतोच. मनगट पेनांगमध्ये घडले, हे खरे आहे. माझ्या मते श्रेय दोघांचे आहे, आणि मलेशियातील वर्तमानपत्रांनीही उएल्वानंतर त्याचे कौतुक पेनांगचा मुलगा म्हणून केले होते.

येथील बॅडमिंटनचे चित्रही थोडे सांगतो. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडेसेच अधिक. मैदानांना जागा नाही, त्यामुळे बॅडमिंटन हा इमारतींच्या आत सामावणारा खेळ येथे घरोघरी पोहोचला आहे. आमच्या कम्युनिटी क्लबच्या सभागृहात एकाच लाकडी जमिनीवर बास्केटबॉल, सेपाक टकरॉ (पायांनी खेळायचा व्हॉलीबॉल) आणि बॅडमिंटन यांच्या रेघा वेगवेगळ्या रंगांत आखलेल्या आहेत. नवख्या माणसाला आपली रेघ कोणती हे कळायलाच दोन गेम लागतात. शटल वाऱ्याने सरकू नये म्हणून पंखे बंद ठेवतात, आणि विषुववृत्तावरील त्या दमट हवेत साठीच्या पुढचे अंकल लोक तासभर दुहेरी खेळतात. तास संपला की पुढची मंडळी रॅकेटच्या पिशव्या घेऊन दारात उभीच असतात. कोर्ट मिळवण्यासाठी लोक मोबाइलवर आरक्षण उघडण्याच्या क्षणाची वाट पाहत बसतात. खेळणारे भरपूर आहेत, पण त्यांतून जागतिक पातळीवर जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मुले बारावी-तेरावीच्या वयात परीक्षांच्या रेट्यात खेळ सोडतात आणि पालकांना त्याचे वाईटही वाटत नाही. अठराव्या वर्षी खेळ हेच काम असे ठरवणारा मुलगा येथे दुर्मीळ आहे.

अण्णा_सांगली

सिंगापूर आणि मलाया यांच्या श्रेयाची चर्चा वाचून थोडा जुना इतिहास सांगावासा वाटला.

१९६५ साली सिंगापूर मलेशियापासून वेगळे होईपर्यंत हा प्रश्नच नव्हता. वाँग पेंग सून हा ऑल इंग्लंड स्पर्धेचे पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवणारा पहिला आशियाई. त्याने ते १९५०, १९५१, १९५२ आणि पुन्हा १९५५ साली, वयाची पस्तिशी उलटल्यावर, जिंकले. त्याचा जन्म जोहोर बाहरूचा, वास्तव्य सिंगापूरचे आणि संघ मलायाचा. १९४९ साली झालेला पहिला थॉमस चषक, म्हणजे पुरुषांची सांघिक जागतिक स्पर्धा, याच मलायाच्या संघाने जिंकला. १९५५ चा अंतिम टप्पा सिंगापूरमध्ये झाला, तेथे नव्याने उभारलेल्या बॅडमिंटन हॉलमध्ये, आणि चषक पुन्हा मलायाकडेच राहिला. त्यामुळे पुलाच्या अलीकडचा खेळाडू आणि पलीकडचा खेळाडू हा भेद तेथील बॅडमिंटनच्या मानाने नवा आहे.

त्याच काळातील आपल्या सांगलीच्या नंदू नाटेकरांची आठवण येथे काढणे अस्थानी होणार नाही. १९५६ साली मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. मलाया ही त्या काळातील बॅडमिंटनची पंढरी होती. तेथे जाऊन जिंकणे म्हणजे काय, हे त्या पिढीला पुरते ठाऊक होते. नाटेकर २०२१ च्या जुलैमध्ये गेले, टोकियो ऑलिंपिक चालू असतानाच.

जंपस्मॅश_ठाणे

मी मुलांना शिकवतो, म्हणून खेळाच्या अंगाने लिहितो.

कीन यूचा खेळ वेगावर उभा आहे. मागच्या रेघेवरून उडी घेऊन मारलेला स्मॅश आणि त्यापाठोपाठ नेटकडे घेतलेली झेप यांत तो इतका कमी वेळ घालवतो, की समोरच्याने स्मॅश परतवला तरी पुढचे शटल नेटच्या पट्टीवरच मारायला तो हजर असतो. उंचीने तो अॅक्सेलसनपेक्षा बराच कमी असूनही त्याच्या स्मॅशचा कोन तीव्र असतो, कारण तो शटल डोक्याच्या पुढे आणि लवकर गाठतो. उएल्वाच्या अंतिम सामन्यात पहिल्या गेममध्ये मागे पडल्यानंतर त्याने नेमके हेच केले. श्रीकांतला नेटजवळ खेळू दिले की तो जगातल्या कोणालाही नाचवतो, म्हणून कीन यूने शटल खाली, सपाट आणि अंगावर ठेवले आणि रॅली लहान केल्या. श्रीकांतला मनगट फिरवायला वेळच मिळेना.

या खेळाची किंमतही असते. असा वेग आठवड्यामागून आठवडे टिकत नाही. प्रतिस्पर्ध्याने चिवटपणे सगळे परत आणायला सुरुवात केली, की वेगवान खेळाडू रेघेच्या अधिकाधिक जवळ मारू लागतो आणि चुका वाढतात. २०२२ नंतर कीन यूला ज्यांनी हरवले त्यांची नावे पाहा: थायलंडचा कुनलावुत वितिदसार्न, गिन्टिंग, प्रणॉय. हे सगळे शटल टिकवून ठेवणारे, घाई न करणारे खेळाडू आहेत. २०२३ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दुबईला अंतिम फेरीत गिन्टिंगने त्याला २१-१२, २१-८ असे हरवले. त्या सामन्यात मारायला जागाच न मिळाल्याने तो स्वतःहून चुकत गेला.

धागाकर्त्यांचा सरावाच्या जोडीदाराचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो, आणि त्याला एक पुस्ती जोडतो. चिवट खेळाडूविरुद्ध संयम शिकायचा तर रोजच्या सरावात तसा चिवट माणूस लागतो. हैदराबादला गोपीचंद यांच्या अकादमीत श्रीकांत, प्रणॉय, साई प्रणीत आणि कश्यप ही मंडळी वर्षानुवर्षे एकमेकांसमोर खेळली. चौघांच्या चार तऱ्हा. त्यामुळे श्रीकांतला स्पर्धेत जे प्रश्न पडायचे ते त्याच्या सरावात आधीच येऊन गेलेले असायचे. कीन यूला हे घरी मिळाले नाही. दुबईचे चार आठवडे त्याला इतके का लाभले, याचे उत्तर मला यातच दिसते. अॅक्सेलसनसारखा उंच आक्रमक खेळाडू, लक्ष्यसारखा बचावात भक्कम असलेला तरुण आणि कॅनडाचा ब्रायन यांगही एकाच छताखाली होते. नंतर लक्ष्यने त्याचीच परतफेड केली: २०२२ च्या जानेवारीत दिल्लीतील इंडिया ओपनच्या अंतिम फेरीत त्याने नव्या विश्वविजेत्याला २४-२२, २१-१७ असे हरवले.

आणखी एक योगायोग. इंडोनेशियाचे मुल्यो हंडोयो हे प्रशिक्षक २०१७ साली भारतात होते. श्रीकांतने चार सुपर सीरिज जिंकल्या ते हेच वर्ष. त्यानंतर ते सिंगापूरला गेले आणि तेथे कीन यू त्यांच्या हाताखाली होता. उएल्वाला कीन यूबरोबर प्रशिक्षक म्हणून केल्विन हो होते, पण अंतिम फेरीतील दोघेही मुल्यो यांच्या शिस्तीतून गेलेले होते.

केतकी

सर्वांचे प्रतिसाद वाचले. विजेतेपदानंतरच्या काळाबद्दल मला वाटते ते लिहिते.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत बक्षिसाची रक्कम नसते, पदक मिळते. ऑलिंपिक सुवर्णपदकासाठी सिंगापूरमध्ये दहा लाख सिंगापूर डॉलरचे पारितोषिक ठरलेले आहे आणि २०१६ साली जोसेफ स्कूलिंगने रिओला शंभर मीटर बटरफ्लायमध्ये सुवर्ण जिंकले तेव्हा ते त्याला मिळाले. जागतिक अजिंक्यपद त्या योजनेत बसत नव्हते, म्हणून उएल्वानंतर तेथे या विषयावर बरीच चर्चा झाली. पैशांपेक्षा मला त्यातील दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. ज्या देशात विश्वविजेते मोजकेच असतात, तेथे एका चोवीस वर्षांच्या मुलावर सगळ्या देशाची नजर एकदम स्थिरावते. आपल्याकडे श्रीकांत हरला तर आठवड्याभरात सिंधू, लक्ष्य, सात्विक-चिराग यांपैकी कोणी ना कोणी जिंकते आणि बातमी पुढे सरकते. कीन यू पहिल्या फेरीत हरला तर त्या आठवड्यात सिंगापूरचे बॅडमिंटनच हरल्यासारखे होते.

येथे दोन नावे घेतलीच पाहिजेत, नाहीतर चित्र अपुरे राहील. येओ जिया मिन ही सिंगापूरमध्येच जन्मलेली आणि घडलेली खेळाडू. तिने २०१९ च्या बासेल येथील जागतिक स्पर्धेत तेव्हा अव्वल क्रमांकावर असलेल्या अकाने यामागुचीला हरवले होते. टेरी ही आणि जेसिका टॅन या जोडीने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले, आणि त्याच स्पर्धेच्या पुरुष एकेरीत कीन यू मलेशियाच्या एनजी त्झे योंगकडून हरला. अगदीच एकटा तो नव्हता. पण पुरुष एकेरीत मात्र होता.

पेठकर यांनी दुष्काळाचा उल्लेख केला. मी त्या काळाकडे वेगळ्या नजरेने पाहते. २०२२ मध्ये एकही स्पर्धा न जिंकता तो क्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत चढला, आणि हा त्याचा आजवरचा सर्वोच्च क्रमांक आहे. विजेतेपदे नसताना तिसरे स्थान मिळवायचे तर सातत्याने उपांत्य आणि उपांत्यपूर्व फेऱ्या गाठाव्या लागतात. विश्वविजेता झाल्यावर प्रत्येक प्रतिस्पर्धी त्याच्या चित्रफिती पाहून, तयारी करून कोर्टवर येत होता. त्या काळातही तो तेथे टिकून राहिला, याचे श्रेय त्याला मिळायला हवे.

पेठकर

केतकीताई, क्रमवारीचा मुद्दा मान्य. मी केवळ विजेतेपदे मोजत होतो. जंपस्मॅश यांनी सांगितलेले सरावाचे कारणही पटते. तरीही एक प्रश्न उरतो. घरच्या मैदानावर, सिंगापूर ओपनमध्ये, तो का जिंकू शकला नाही? २०२२ आणि २०२३ मध्ये गिन्टिंग, २०२४ मध्ये शी युची आणि २०२५ मध्ये कुनलावुत जिंकले. विश्वविजेत्याला आपल्याच प्रेक्षकांसमोर एकदाही जिंकता येऊ नये?

वुडलँड्स

पेठकर, त्या स्पर्धेला इंडोअर स्टेडियममध्ये जाऊन बसलो आहे, म्हणून सांगतो. त्याचा सामना असला की वातावरण पालटते. इतर वेळी शांतपणे टाळ्या वाजवणारे लोक त्याच्या प्रत्येक गुणाला उठून उभे राहतात. खेळणाऱ्यासाठी ते बळही असते आणि भारही. त्यात सिंगापूर ओपनमध्ये जवळपास सगळे अव्वल खेळाडू उतरतात, त्यामुळे ती जिंकणे कोणालाच सोपे नाही. घरच्या प्रेक्षकांसमोर तो अधिक घाईने खेळतो असे मला दिसले आहे. जंपस्मॅश यांनी चुकांबद्दल जे लिहिले ते तेथे सर्वाधिक जाणवते.

बॅकहँड

चर्चा अपेक्षेपेक्षा समृद्ध झाली, सर्वांचे आभार. राहिलेला भाग लिहितो.

२०२३ च्या कोपनहेगन येथील जागतिक स्पर्धेत तो उपउपांत्यपूर्व फेरीत प्रणॉयकडून १८-२१, २१-१५, १९-२१ असा हरला. दोन गुणांनी. त्याच प्रणॉयने पुढच्या फेरीत अॅक्सेलसनला त्याच्या मायदेशात हरवले, यावरून तो पराभव कोणत्या दर्जाचा होता हे ध्यानात येईल. २०२४ च्या मार्चमध्ये माद्रिद येथील स्पेन मास्टर्स जिंकून कीन यूने दुष्काळ संपवला. विशेष म्हणजे दोन्ही वेळा स्पेनच त्याला लाभले.

मग पॅरिस ऑलिंपिक. तेथे तो उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. पुरुष एकेरीत सिंगापूरच्या खेळाडूने ही मजल मारली ती २००४ च्या अथेन्सनंतर पहिल्यांदाच. अथेन्सला रोनाल्ड सुसिलोने पहिल्याच फेरीत लिन डानला १५-१२, १५-१० असे बाहेर काढले होते. इंडोनेशियात जन्मलेला सुसिलो आणि पेनांगचा कीन यू, दोघांच्याही नावापुढे लिन डानवरील विजय आहे, आणि दोघेही ऑलिंपिकमध्ये त्याच फेरीपर्यंत गेले. पॅरिसला समोर पुन्हा अॅक्सेलसन होता. त्या दिवशी अॅक्सेलसनने २१-९, २१-१७ अशी त्याला संधीच दिली नाही आणि पुढे जाऊन सुवर्णपदक राखले. दुबईच्या शिबिरात दोघांनीही एकमेकांचा खेळ वाचला होता. उएल्वाला त्याचा लाभ कीन यूला झाला, पॅरिसला अॅक्सेलसनला.

मी सुरुवातीला मांडलेल्या प्रश्नाला आता सिंगापूरमधूनच थोडे उत्तर मिळू लागले आहे असे दिसते. जेसन तेह हा त्याचा सहकारी बरीच वर्षे मागच्या क्रमांकांवर खेळत होता. २०२५ मध्ये त्याने थायलंड मास्टर्स जिंकली, म्हणजे सहा वर्षांपूर्वी कीन यूला जगासमोर आणणारीच स्पर्धा. एका देशाचे दोन एकेरी खेळाडू मुख्य फेऱ्यांत नियमितपणे दिसू लागले की सरावाची पातळी आपोआप चढते, आणि सांघिक स्पर्धेत पहिला सामना हरला तरी दुसऱ्यावर विसंबता येते. तिशीकडे झुकलेल्या कीन यूला याचा किती लाभ होईल हे सांगता येणार नाही. वेगावर उभा असलेला खेळ या वयात बदलावा लागतो. जंपस्मॅश, तुमच्या दृष्टीने त्याने आता नेमके काय बदलावे?

जंपस्मॅश_ठाणे

मागच्या कोपऱ्यातून प्रत्येक वेळी स्मॅश न मारता अर्ध्या वेळा उंच क्लिअर (शटल समोरच्याच्या मागच्या रेघेपर्यंत पाठवणे) किंवा मंद ड्रॉप (शटल नेटजवळ अलगद सोडणे) वापरावा, म्हणजे स्मॅश आला की तो अनपेक्षित ठरेल. चेन लाँग आणि अलीकडे चोऊ तिएन चेन यांनी वय वाढल्यावर हेच केले, आणि चोऊ तर पस्तिशी गाठल्यावरही तीन गेमचे सामने काढत राहिला. कीन यूच्या हातात ड्रॉप आहे, तो उत्तम आहे. दडपणाखाली त्याला तो आठवत नाही इतकेच. रोज सकाळी जेसन तेहसारखा माणूस तीन-तीन गेम खेळवत राहिला तर आठवू लागेल.